साताऱ्यातला अर्धा र

तुळशीचं लग्न उरकलं तसा भाचीची लग्नपत्रिका छापायला राजवाड्याजवळच्या एका डीटीपीवाल्याकडे जाऊन बसलो. मजकूर व्हॉट्सॲपवर आधीच पाठवला होता. त्यानं तो आपल्या जुन्या फॉन्टमध्ये वळवला आणि पडद्यावर उमटलं, 'सातार्यात'. माझ्या मोबाइलवर तर चांगलं 'साताऱ्यात' होतं. "फॉन्टचा प्रॉब्लेम आहे काका," असं म्हणून पोरानं अक्षर हातानं दुरुस्त केलं.

कराडकरांचं बरं आहे. 'कऱ्हाड' जमेना तर 'कराड' लिहून मोकळे. आम्हाला ती सोय नाही. गावाच्या नावाला विभक्ती लागली की 'ऱ्या' आलाच. शिवाय हा अर्धा र नुसता नखरा नव्हे. आचार्यांना दक्षिणा देतात, आचाऱ्यांना मजुरी. कासच्या वाटेवर दिसतात त्या दऱ्या. त्यांचा 'दर्या' झाला तर साताऱ्याला समुद्रच आला म्हणायचा.

छापखान्यात खिळे जुळवत तेव्हा यासाठी निराळा खिळा उचलला की काम भागायचं. संगणकाला मात्र आकार कळत नाही, आकडे कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला क्रमांक द्यावा लागतो. अमेरिकेत १९६३ साली असा एक तक्ता ठरला, त्याचं नाव ॲस्की. सात बिटांत, म्हणजे शून्य किंवा एकच्या सात जागांत, १२८ घरं बसतात, जास्त नाहीत. पहिल्या आवृत्तीत इंग्रजीची लहान अक्षरंसुद्धा नव्हती, मग देवनागरीला कोण विचारतो!

आपल्याकडच्या लोकांनी यावर जुगाड काढला. इंग्रजी अक्षराच्या घरात देवनागरीचं चित्र बसवायचं. पडद्यावर 'नमस्कार' दिसे, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची खिचडीच. प्रत्येक फॉन्टवाल्याची मांडणी वेगळी, त्यामुळे एका दुकानातली फाइल दुसऱ्या दुकानात उघडली की भुताची भाषा. डीटीपीचा धंदा वर्षानुवर्षं यावरच चालला आणि बऱ्याच ठिकाणी अजून चालतो.

पद्धतशीर उत्तरही शोधलं जात होतं. इस्की नावाचा भारतीय तक्ता १९८८ मध्ये आला आणि १९९१ मध्ये तो भारतीय मानक झाला. त्यामागची कल्पना मला फार आवडते. आपल्या बहुतेक लिप्या ब्राह्मीच्या लेकी, तेव्हा सगळ्यांना एकच मांडणी द्यायची. 'क'चं घर प्रत्येकीत तेच. पण तमिळमध्ये र दोन आहेत. त्यातल्या दुसऱ्यासाठी घर ठेवावं लागलं आणि देवनागरीत तिथे आला खाली टिंब असलेला 'ऱ'. पुढे जगभरच्या लिप्यांसाठी युनिकोड झालं, त्यानं देवनागरीची १२८ घरं इस्कीवरूनच आखली. याच 'ऱ'चा पाय मोडला की आपली ती वळणदार रेघ मिळते. तमिळसाठी मांडलेल्या पाटावर मराठी बसली, म्हणा ना.

गोंधळ असा की तीच रेघ आणखी एका वाटेनं काढता येते. साधा र, हलन्त, आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखे, क्रमांक निराळे. माझ्या मोबाइलनं ही दुसरी वाट धरली असणार. दुकानातल्या प्रोग्रॅमनं ते अदृश्य चिन्ह कचरा समजून गाळलं, आणि र सरळ 'य'च्या डोक्यावर रफार होऊन बसला.

पत्रिकेत हे चालून जातं, यादीत नाही. तिथे संगणक दिसणं नव्हे, क्रमांक जुळवून नाव शोधतो. आमच्या शेजारच्या काकांच्या आडनावात हाच अर्धा र आहे. एका कार्यालयात त्यांना दोनदा सांगण्यात आलं, "तुमचं नाव यादीत नाही." तिसऱ्या वेळी एका कारकून बाईंनी आडनावाचं फक्त पहिलं अक्षर लिहून शोधलं, आणि नाव होतं तिथेच होतं. मधला काळ काका स्वतःलाच दोष देत होते, हे मला जास्त लागलं.

मोबाइलच्या साध्या मेसेजचा, म्हणजे एसएमएसचा, हिशेबही असाच. एका मेसेजमध्ये इंग्रजी १६० अक्षरं मावायची, देवनागरी लिहिलं तर ७०. त्यात काना, मात्रा, हलन्त सगळं सुटं मोजलं जाई. 'साताऱ्यात' बोलायला चार अक्षरं, मोजायला नऊ. शिवाय कित्येक हँडसेटवर देवनागरी नव्हतीच. एक अख्खी पिढी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला शिकली, त्यात हे एक कारण होतंच. 'ॲप'मधला 'ॲ' तर युनिकोडमध्ये २००८ साली आला. तोवर कुणी 'अ‍ॅ'ची जुळणी करायचं, कुणी सरळ 'ऍ' लिहायचं.

पोराला मी इन्स्क्रिप्टचा कळफलक लावायला सांगितला. त्यात इंग्रजी 'जे'च्या कळीवर र असतो, शिफ्टसह तीच कळ दाबली की ऱ. त्यानं ऱ, हलन्त, य असं टाकून पुन्हा वळवून पाहिलं. 'साताऱ्यात' जसंच्या तसं आलं. तो एकदा कळफलकाकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. मग आम्ही पत्रिकेतल्या निमंत्रकांची नावं तपासायला घेतली. पहिल्याच ओळीत दोन गोर्हे निघाले.