व्हिडिओ गेमच्या ग्राफिक्समधील प्रगतीचा वेग

व्हिडिओ गेममधील दृश्ये दर पिढीला किती सुधारतात आणि यापुढे किती सुधारतील, हा या नोंदीचा विषय आहे. पिढी बहुधा नव्या कन्सोलवरून मोजतात. सोनीच्या प्लेस्टेशन या कन्सोलची मुख्य यंत्रे १९९४, २०००, २००६, २०१३ आणि २०२० साली आली. सुरुवातीच्या उड्या कोणाच्याही डोळ्यांत भरत. प्लेस्टेशन ४ ची गणनक्षमता १.८४ टेराफ्लॉप्स (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी) होती आणि प्लेस्टेशन ५ ची १०.२८, म्हणजे साडेपाच पट. तरीही एकच गेम दोन्ही यंत्रांवर शेजारी शेजारी लावला, तर घरातल्या मोठ्यांना फरक बोट ठेवून दाखवावा लागतो.

असे का होते, ते बडोद्याच्या नवरात्रातल्या एका वस्तूवरून चांगले समजते. गरब्याचा घट मातीचा असतो, त्याला छिद्रे पाडलेली असतात आणि आत दिवा असतो. पडद्यावर अशी वस्तू त्रिकोण जोडून घडवतात. घटाचा काठ आठ बाजूंचा केला तर कोपरे खुपतात. बत्तीस बाजूंचा केला की तो गोल वाटतो. पुढे तीनशे वीस बाजू केल्या, तर मेहनत दहापट होते आणि डोळ्याला मात्र काहीच वेगळे कळत नाही. आकाराच्या बाबतीत गेम आता याच टप्प्यावर आहेत. २०२२ साली आलेल्या अनरिअल इंजिन ५ या गेम घडवण्याच्या सॉफ्टवेअरमधले नॅनाइट तंत्र जवळजवळ पिक्सेलएवढे, म्हणजे पडद्याच्या एका ठिपक्याएवढे, बारीक त्रिकोण हाताळते. त्याहून बारीक त्रिकोण दाखवायला पडद्यावर जागाच उरत नाही.

घटातला दिवा पेटवला की खरी अडचण सुरू होते. छिद्रांतून आलेला उजेड भिंतीवर पडतो आणि तिथून परतून चेहऱ्यांवर येतो. दांडिया बाजारातल्या मराठी घरी घटस्थापना आटोपून मंडळी गरब्याच्या मैदानात उतरली, की भोवती हजारो घेरदार चणिये फिरत असतात. त्यांवर आभले असतात आणि प्रत्येक आभल्यात क्षणोक्षणी वेगळे प्रतिबिंब असते. गेमच्या दृष्टीने याहून कठीण दृश्य शोधून सापडणार नाही. प्रतिबिंबाची एक रूढ युक्ती पडद्यावर असेल तेवढेच आरशात दाखवते. खेळाडूच्या पाठीमागचा दिवा तिच्या आरशात येत नाही. रे ट्रेसिंग ही दुसरी पद्धत किरणांचा माग उलटा, डोळ्यापासून दिव्याकडे काढते. संगणक-चित्रणाचे संशोधक टर्नर व्हिटेड यांनी तिची प्रसिद्ध मांडणी १९८० साली केली. घरगुती ग्राफिक्स कार्डात तिच्यासाठी खास रचना यायला मात्र २०१८ साल उजाडले. अडचण वेळेची होती. चित्रपटाच्या एका फ्रेमसाठी, म्हणजे एका चित्रासाठी, संगणकाला तासन्‌तास देता येतात. सेकंदाला साठ फ्रेम देणाऱ्या गेमला एका फ्रेममागे सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात.

त्यामुळे पुढची प्रगती प्रामुख्याने उजेड, कापड, केस आणि गर्दी यांत होईल. स्क्रीनशॉटमध्ये ती कमी दिसेल, हलत्या दृश्यात जास्त जाणवेल. त्रिकोणांच्या संख्येवरून प्रगती मोजण्याची सवय आता सोडायला हवी. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातील महाराजा फतेसिंह संग्रहालयात राजा रविवर्मा यांची तैलचित्रे आहेत. त्यांतल्या वस्त्रांवरचे जरीकाम पाहावे. उजेडाचा ठिपका नेमका पडला, की उरलेले वस्त्र बघणाऱ्याचा डोळा स्वतःच पुरे करतो.

अशी भर घालण्याचे काम आता यंत्रही करते. पूर्ण एचडी चित्रात सुमारे २१ लाख पिक्सेल असतात, तर फोर-के चित्रात सुमारे ८३ लाख. ग्राफिक्स कार्डे बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीच्या डीएलएसएससारखी तंत्रे लहान चित्र काढून मोठे चित्र अंदाजाने भरतात, आणि दोन फ्रेमच्या मधल्या फ्रेमही तयार करतात. चारातला एक पिक्सेल आणि चारातली एक फ्रेम एवढेच प्रत्यक्ष काढले, तर सोळातले पंधरा पिक्सेल अंदाजाचे ठरतात. अशा मधल्या फ्रेमने हालचाल गुळगुळीत दिसते, पण बटण दाबल्यावरचा प्रतिसाद लवकर येत नाही. खेळणाऱ्याच्या बोटांना ही उणीव लगेच कळते.

वेगाला खरा लगाम वीज आणि किंमत यांचा आहे. २०१६ च्या जीटीएक्स १०८० कार्डाची वीजमर्यादा १८० वॅट होती. २०२५ च्या आरटीएक्स ५०९० ची ५७५ वॅट आहे. मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा हे कार्ड खोलीत हीटरसारखेच तापते. पूर्वी कन्सोल जुने होत जाई तसे स्वस्त होई. प्लेस्टेशन ५ भारतात २०२१ साली ४९,९९० रुपयांना आले आणि २०२२ च्या अखेरीस ५४,९९० रुपयांना झाले.

शिवाय बहुतेक मुले फोनवर खेळतात. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या नेमबाजीच्या गेममध्ये ग्राफिक्सची वरची पातळी उपलब्ध असली, तरी कसलेले खेळाडू मुद्दाम ‘स्मूद’ ही खालची पातळी निवडतात आणि फ्रेम रेट (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमची संख्या) शक्य तितका वाढवतात. फोन कमी तापतो, दृश्य अडखळत नाही आणि शत्रू लवकर दिसतो. बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या अशा खेळाडूला नव्या ग्राफिक्स कार्डाची बातमी पाठ असते, पण ते ग्राफिक्स त्याच्या फोनवर यायला बरीच वर्षे जातात.