कार्बन डॉट म्हणजे क्वांटम डॉट नव्हे

पाण्यातला पारा किंवा लोह चमकणाऱ्या कणांनी ओळखायचं म्हटलं, की पहिला घोळ नावाचाच होतो. कार्बन डॉट आणि क्वांटम डॉट दोन्ही सहसा दहा नॅनोमीटरच्या आतले, आणि अतिनील दिव्याखाली दोन्ही झगमगतात. २०२३चं रसायनशास्त्राचं नोबेल मौंगी बावेंडी, लुई ब्रूस आणि अलेक्सेई एकिमोव यांना क्वांटम डॉटसाठी मिळालं, पण ते कण अर्धवाहकांचे (सेमीकंडक्टरचे). कॅडमियम सेलेनाइड हे त्याचं नेहमीचं उदाहरण. कार्बनचा तिथे संबंध नाही.

अर्धवाहकाच्या कणात रंग ठरतो तो आकारावरून. इलेक्ट्रॉनला जागा जितकी अपुरी, तितकं ऊर्जापातळ्यांमधलं अंतर मोठं, आणि अंतर मोठं तितका उजेड निळ्याकडे झुकणारा. म्हणून कॅडमियम सेलेनाइडचा दोनेक नॅनोमीटरचा कण निळसर दिसतो आणि सहाच्या आसपासचा लाल. रंगाचा पट्टा अरुंद असल्यामुळे एकाच दिव्याखाली तीन-चार रंगांचे कण एकाच कुपीत वेगवेगळे वाचता येतात. हे सामर्थ्य कार्बन डॉटकडे सहसा नसतं.

कार्बन डॉट हाती लागले ते काजळीतून. २००४ साली अमेरिकेत साउथ कॅरोलायना विद्यापीठात, विद्युत ठिणगीने तयार केलेल्या काजळीतून कार्बनच्या नॅनोनळ्या शुद्ध करताना चमकणारा एक भाग वेगळा झाला. दोन वर्षांनी क्लेमसन विद्यापीठात या-पिंग सन यांच्या गटाने ग्रॅफाइटवर लेसर मारून असेच कण केले. मला सगळ्यात मोलाची वाटते ती त्यातली एक गोष्ट: ते कण आधी चमकलेच नाहीत. पृष्ठभागावर पॉलिमरचं आवरण चढवल्यावर उजेड आला. म्हणजे इथे कणाच्या आकारापेक्षा त्याची साल जास्त महत्त्वाची. सालीवरचे रासायनिक गट आणि दोष एकसारखे नसतात, त्यामुळे बऱ्याच कार्बन डॉटमध्ये दिव्याची तरंगलांबी बदलली की उजेडाचा रंगही सरकतो. (ग्राफीन क्वांटम डॉट हे तिसरं नाव घोळ आणखी वाढवतं. ते ग्राफीनच्या, म्हणजे एका अणूइतक्या पातळ कार्बनच्या, एक-दोन थरांचे तुकडे, म्हणून कार्बनच्याच घरातले.)

संवेदक म्हणून वापरताना ही साल कामी येते आणि फसवतेही. फेरिक लोहाचे आयन सालीवरच्या ऑक्सिजनयुक्त गटांना चिकटतात, इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि उजेड विझतो. किती विझला यावरून लोह किती ते काढायचं. पण फेरिक आयन स्वतःही अतिनील प्रकाश शोषतात. दिव्याचा प्रकाश वाटेतच गिळला गेला, तर कणाला काहीही न होता उजेड कमी दिसतो. म्हणून नुसता उतरता आलेख पाहून समाधान मानू नये. उजेडाचं आयुष्य, म्हणजे प्रकाश पडून गेल्यावर कण किती वेळ चमकत राहतो ते, मोजावं. ते तितकंच राहिलं, तर एकतर आयन आधीपासून चिकटून बसलाय किंवा तो फक्त प्रकाश अडवतोय. त्यातलं नेमकं काय हे शोषणाचा आलेख घेऊन तपासावं लागतं.

पाऱ्यासाठी केलेल्या संवेदकात हा प्रश्न जास्त बिकट होतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात पारा लिटरमागे ०.००१ मिलिग्रॅमच्या वर नको, आणि लोहाची मर्यादा त्याच्या कितीतरी पट आहे. बोअरच्या पाण्यात लोह असणं नेहमीचंच. दोघांनीही उजेड विझत असेल, तर विझवलं कोणी हे त्या कणाला सांगता येत नाही. शुद्ध पाण्यात पारा घालून काढलेला सुंदर आलेख म्हणूनच मला पुरेसा वाटत नाही.

कॅडमियम विषारी आहे. युरोपात विजेच्या उपकरणांतल्या कोणत्याही एका पदार्थात ते, काही अपवाद सोडले तर, वजनाच्या ०.०१ टक्क्यापर्यंतच चालतं. कार्बन डॉटकडे ओढा वाढला तो यामुळे, आणि ते करणं सोपं म्हणूनही: सायट्रिक ॲसिड आणि इथिलिनडायअमिन बंद भांड्यात तापवलं की झालं, जवळपास कुकरच. २०१३ साली चीनमधल्या एका गटाने याच जोडीतून ८० टक्क्यांच्या आसपास प्रकाश-उत्पादकता (शोषलेल्या प्रकाशकणांपैकी किती पुन्हा बाहेर पडतात तो वाटा) मिळवली. पुढे लक्षात आलं की या मिश्रणातला बराचसा उजेड कणांचा नसून तिथेच तयार झालेल्या एका छोट्या रेणूचा असतो. तो रेणू गाळणकागदाने निघत नाही. द्रावण डायलिसिसच्या पिशवीत, म्हणजे फक्त छोटे रेणू बाहेर जाऊ देणाऱ्या पडद्याच्या पिशवीत, भरून, बाहेरचं पाणी बदलत ठेवावं लागतं. बाहेरचं पाणीच जास्त चमकू लागलं, तर आपण मोजत होतो तो उजेड डॉटचा नव्हताच.