सोलापूरची पहाट आणि स्वतःसाठीचा वेळ

सकाळी उठल्यावर फोनला हात लावायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही, अर्धा-पाऊण तास फक्त स्वतःसाठी ठेवायचा. हा सल्ला हल्ली सोलापुरातही योगवर्गापासून अभ्यासिकेपर्यंत सगळीकडे कानावर पडतो. बरोबर पाचचा ठोका आणि अमेरिकेतल्या दोन-तीन यशस्वी माणसांचे दाखलेही येतात. सल्ल्यात वावगं काही नाही. फक्त तो बाहेरून आल्यासारखा सांगितला जातो, याची गंमत वाटते. ज्या सिद्धरामाच्या नावावर हे शहर चालतं, त्याच्याबद्दलची जुनी कथाच मुळी या विषयावर आहे.

बाराव्या शतकातल्या सिद्धरामाने सोन्नलिगेत, म्हणजे आजच्या सोलापुरात, तळं खोदून घेतलं, देवळं उभी केली, अडुसष्ट लिंगं स्थापली. हजारो हात कामाला लावणारा हा माणूस. पंधराव्या शतकातल्या ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात त्याच्या आणि शिवशरण अल्लमप्रभूंच्या भेटीचा प्रसंग आहे. प्रभू गावात येतात आणि ‘तो वड्डर रामय्या कुठे आहे?’ असं विचारतात. आपल्या गुरूला दगडमाती उपसणारा म्हटल्यामुळे शिष्य खवळतात. पण प्रभूंचं म्हणणं असं, की तळी बांधून झाली, आता आत पाहा. पुढे सिद्धराम कल्याणला, म्हणजे कर्नाटकातल्या आजच्या बसवकल्याणला, जातो आणि बसवण्णांचे भाचे चन्नबसवण्णा यांच्याकडून इष्टलिंगाची, म्हणजे अंगावर बाळगायच्या छोट्या लिंगाची, दीक्षा घेतो. यात इतिहास किती आणि परंपरा किती, हे अभ्यासक ठरवतील. पण सतत कामात असलेल्या माणसाला थोडं थांबून बसायला सांगणं, ही या गावाची फार जुनी गोष्ट आहे एवढं नक्की.

लिंगायतांच्या या इष्टलिंगपूजेची रीत पाहिली की वैयक्तिक वेळ म्हणजे काय ते कळतं. अंघोळ झाली की कपाळाला विभूती लावायची, गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी, बेलाचं पान, आणि मग तळहात डोळ्यांसमोर धरून त्या काळ्या, तुळतुळीत पृष्ठभागावर नजर ठेवून बसायचं. पुजारी नाही, रांग नाही, प्रसादाची ताटं नाहीत. ज्याचं त्याने करायचं. दीक्षा बायकांनाही मिळते, त्यामुळे घरातल्या बाईचीही पूजा तिची स्वतःची असते. सोलापुरातल्या कितीतरी लिंगायत घरांत आजही सकाळच्या पहिल्या चहाच्या आधी हे होतं आणि त्याला कुणी वेगळं नाव देत बसत नाही.

याच शहरात जैनांचीही जुनी वस्ती आहे. उद्योगपती वालचंद हिराचंद १८८२ साली इथेच जन्मले. जीवराज जैन ग्रंथमालेची प्राकृत-संस्कृत ग्रंथांची प्रकाशनंही इथूनच निघाली. जैनांच्या सामायिकाचं माप ठरलेलं आहे: एक मुहूर्त, म्हणजे दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं. तेवढा वेळ एका जागी बसून समभाव ठेवायचा, सांसारिक काम करायचं नाही. ब्राह्ममुहूर्ताचा हिशोबही याच ४८ मिनिटांवर चालतो. सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी तो सुरू होतो आणि ४८ मिनिटं आधी संपतो. निरोगी माणसाने या वेळी उठावं, असं आयुर्वेदाचार्य वाग्भटाने दिनचर्येत सांगून ठेवलं आहे.

इथे पाचच्या ठोक्याचा घोळ लक्षात येतो. सोलापुरात मेअखेरीला सूर्य सहाच्या थोडा आधी उगवतो आणि जानेवारीत जवळजवळ सातला. म्हणजे उन्हाळ्यात ब्राह्ममुहूर्त सव्वाचारच्या सुमारास लागतो, तर संक्रांतीच्या दिवसांत साडेपाचच्या जरासा आधी. जुनी पहाट ऋतूबरोबर तासाभराहून जास्त सरकत असे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून लागू झाली, ती सोलापूरच्या सूर्यापेक्षा सुमारे २६ मिनिटं पुढे आहे. बारा महिने पाचलाच उठायचं हा नियम वाग्भटाचा नाही, घड्याळाचा आहे. शिवाय एप्रिल-मेमध्ये चाळीसच्या वर पारा जाणाऱ्या गावात पहाटे उठण्यामागे पुण्य मिळवण्यापेक्षा उकाड्याचा वाटा मोठा असणार, असा माझा कयास.

बायकांची पहाट मात्र जात्यापाशी गेली. हा ज्वारीचा मुलूख. मंगळवेढ्याची मालदांडी तर सगळ्यांना ठाऊक आहे. ज्वारीचं पीठ फार दिवस टिकत नाही, त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना कडा चिरतात. म्हणून रोजच्या रोज दळायचं. घर जागं व्हायच्या आत दोघी जणी समोरासमोर बसून खुंटा धरणार, एक जण मुठीने जात्यात दाण्यांची वैरण घालणार आणि दगडाच्या घरघरीवर ओवी सुरू होणार. याला शांत वेळ म्हणायचं का? आवाज होता, घाम होता, कष्ट होते. पण दिवसभरात बाईला मनातलं बोलायला मिळे ते तिथेच. माहेर, भाऊ, पंढरीचा विठोबा, सासूबद्दलची तक्रारसुद्धा. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून गोळा केलेल्या अशा ओव्यांची संख्या लाखाच्या वर आहे. पुरुषांच्या पहाटेच्या ध्यानाबद्दल ग्रंथ लिहिले गेले. बायकांच्या पहाटेची नोंद त्यांनी स्वतः गाऊन ठेवली.

मग आला भोंगा. १८७०च्या दशकात सोलापुरात पहिली कापडगिरणी उभी राहिली, तीच ती जुनी मिल. मागोमाग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. गिरणगावाला पहाट आता सूर्य दाखवीना, भोंगा दाखवू लागला. १८८१चा पहिला कारखाना कायदा मुलांच्या तासांपुरता होता. कापडगिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांना १२ तासांची मर्यादा मिळाली ती १९११ साली. १९२२ मध्ये ११ तास आणि आठवड्याला ६०. आठवड्याला ४८ तास झाले ते १९४६च्या दुरुस्तीने. बारा तास साच्यावर उभं राहणाऱ्या माणसाला पहाटे डोळे मिटून बसा असं सांगायला कुणाची जीभ रेटली असेल? सोलापुरातल्या सामान्य माणसाला थोडीशी मोकळी सकाळ मिळाली, त्यात कामगार चळवळीचा आणि या कायद्यांचा वाटा अध्यात्माहून कमी नाही. पहाटे उठण्याचे गुण गाणारी पुस्तकं हा भाग सहसा गाळतात.

आजच्या रूपातला ‘शांत वेळ’ आणखी एका वाटेने आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट विद्यार्थ्यांमध्ये सकाळी एकट्याने बायबलवाचन आणि प्रार्थना करण्याचा प्रघात जोर धरू लागला होता. अमेरिकन धर्मोपदेशक फ्रँक बुकमन यांच्या ऑक्सफर्ड ग्रुपने त्याला वही-पेन्सिल जोडली. शांत बसायचं आणि मनात येईल ते लिहून काढायचं. ही चळवळ पुढे नैतिक पुनरुत्थानाच्या (मॉरल री-आर्ममेंट) नावाने ओळखली गेली आणि १९६८ साली राजमोहन गांधींच्या पुढाकाराने पाचगणीत तिचं ‘एशिया प्लॅटो’ हे केंद्र सुरू झालं. साधारण त्याच काळात, १९६९ पासून, सत्यनारायण गोएंकांनी भारतात विपश्यनेची शिबिरं घ्यायला सुरुवात केली. १९७६ मध्ये इगतपुरीला केंद्र झालं. शिबिर करून आलेल्या माणसाने घरी रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसावं, अशी त्यांची अपेक्षा. पहाटे उठून यश मिळवण्याची इंग्रजी पुस्तकं आली ती याच्याही पुष्कळ नंतर. त्यांनी प्रार्थना काढून टाकली आणि कार्यक्षमता आणून बसवली.

सोलापूरच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि भोंगेही गेले. तरी पहाट सगळ्यांना सारखी मिळाली असं झालं नाही. पूर्व भागातला यंत्रमागावरचा विणकर रात्रपाळी संपवून सकाळी घरी येतो. त्याला त्या वेळी फक्त झोप हवी असते. एका खोलीत पाच-सहा जण झोपणाऱ्या घरात एकांतासाठी कोपरा कुठून आणायचा? म्हणून पुरुष मंडळी बाहेर पडतात. सिद्धेश्वर तलावाच्या कडेने एक फेरी, देवळात दर्शन, जमलं तर कट्ट्यावर दहा मिनिटं. ‘फिरायला जातो’ म्हटलं की घरात कुणी अडवत नाही.

घरातल्या बाईचं गणित वेगळं आहे. पिठाची गिरणी आली तेव्हा जात्यावरचा तास-दीड तास वाचला, पण तो तिच्या हाती राहिला नाही. विडी वळणारी असेल तर विड्यांची मोजणी आणि ब्रँचला, म्हणजे विडी कारखान्याच्या शाखेत, जायची घाई. नोकरी करणारी असेल तर डबे, शाळेची रिक्षा, बस. आणि शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. ज्या दिवशी आपल्या भागाची पाळी पहाटेची असते, त्या दिवशी ती चारलाच उठलेली असते. मोटार लावायला, पिंप भरायला आणि शेजारणीला हाक मारून पाणी आल्याचं सांगायला.