मुखजाळीची ताठरता-चाचणी

खेळातील शिरस्त्राणाची पुढची जाळी ठरावीक बलाखाली किती दबते, हे मोजण्याची पद्धत. बलाला विस्थापनाने (जाळी जितकी आत सरकली त्या अंतराने) भागले की ताठरता मिळते (न्यूटन प्रति मिलिमीटर). मैदानावर या जाळीला ‘ग्रिल’ म्हणतात.

जाळीच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. बेसबॉलच्या मुखवट्याचे एकस्व (पेटंट) १८७८ मध्ये हार्वर्डच्या फ्रेडरिक थेयर यांना मिळाले. काहींच्या मते श्रेय तो घालून खेळणाऱ्या जेम्स टिंग यांचे. तो तलवारबाजीच्या मुखवट्यावरून घेतला, हे मात्र बहुधा सर्वमान्य आहे. क्रिकेटमध्ये इंग्लंडचे फलंदाज पॅट्सी हेंड्रेन यांची १९३३ ची संरक्षक टोपी पहिली मानतात. तिला जाळी नसल्याने येथे ती गौण ठरते. कसोटीत हेल्मेट प्रथम ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहम यॅलप यांनी १९७८ मध्ये ब्रिजटाउनला घातले.

जुनी रीत म्हणजे जाळी शिकंजात धरून मधोमध सावकाश दाबणे. तिच्यात दोन दोष आहेत. शिकंजा हेल्मेटच्या कवचापेक्षा पक्का असल्याने स्क्रू आणि कवच यांचे दबणे मोजलेच जात नाही. शिवाय ताठरता जागोजागी बदलते, ती केवळ मधोमध दाबून कळत नाही. गोल तारेची वाकण्यातील ताठरता व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते : व्यास १० टक्के घटला, तर ती सुमारे ३४ टक्के घटते. टायटॅनियमचा स्थितिस्थापकता गुणांक (पदार्थाच्या ताठपणाचे माप) सुमारे ११० गिगापास्कल, पोलादाचा २००. त्यामुळे एकाच घडणीची, एकाच जाडीची टायटॅनियम जाळी हलकी असली तरी बरीच लवचीक असते. म्हणून जाळी तिच्याच हेल्मेटवर बसवून, अनेक बिंदूंवर, कायमचा वाक येणार नाही इतक्याच बलाने दाबणे अधिक ग्राह्य वाटते. असे केल्यास तीच जाळी हंगामानंतर पुन्हा तपासता येते.

‘बीएस ७९२८ : २०१३’ या ब्रिटिश मानकात जाळीवर चेंडू मारून तो फटीतून आत शिरतो का आणि जाळी चेहऱ्याला टेकते का, हे पाहतात. २०१४ मध्ये मँचेस्टरला भारताच्या वरुण ॲरनचा चेंडू इंग्लंडच्या स्टुअर्ट ब्रॉड यांच्या जाळीतून आत गेला व नाक मोडले. अशा वेळी ताठरतेइतकीच फटही महत्त्वाची.

सोलापूरच्या पार्क मैदानावर ग्रिल घेताना मधली दांडी अंगठ्याने दाबून पाहण्याचा मोह होतो. या परीक्षेत जाळी आणि हेल्मेटची पुढची कड यांमधली वरची फट तपासायची राहून जाते. यंत्रमागाचे सुटे भाग घडवणाऱ्या कारखान्यातील डायल गेज (बारीक सरकणे मोजणारे काट्याचे उपकरण) आणि १० किलोचे वजन (सुमारे ९८ न्यूटन) यांवर तुलनात्मक मोजणी शक्य आहे. हेल्मेट मात्र डोक्याच्या आकाराच्या ठोकळ्यावर घट्ट बसवावे लागते, नाहीतर गेजचा काटा जाळीऐवजी आतल्या फोमचेच दबणे दाखवतो.