जंताचं औषध: पळसपापडीपासून तीन गोळ्यांपर्यंत

"जंत पडला का?" विदर्भातल्या खेड्यांत जंताच्या औषधाची पारख या एकाच प्रश्नावर होत आली. धुऱ्यावरच्या पळसाची पापडी भिजवायची, साल काढून कुटायची, वावडिंगासोबत द्यायची आणि मागून एरंडेल. एरंडेल नुसतं रीत म्हणून नव्हतं. गुंगलेला जंत लगेच बाहेर ढकलला नाही तर तो सावरतो. पापडी जास्त झाली की उलट्या-जुलाब ठरलेले.

डॉक्टरी औषधांत सँटोनिन जुनं, 1830 मध्ये वेगळं केलेलं, किरमाणी ओव्याच्या कुळातलं. डोस जरा चढला की रोग्याला सगळं पिवळं दिसे. 1950 नंतर पिपराझिनचं सिरप आलं: किलोमागे 75 मिलिग्रॅम, दोन दिवस, दिवसाला 3.5 ग्रॅमच्या वर नाही. त्यानं गोल जंत लुळा पडतो आणि जिवंतच शौचातून येतो. आयांचा या सिरपवर विश्वास बसला तो इथंच.

अल्बेंडाझोलनं ही पारखच मोडली. हे आधी जनावरांचं औषध, माणसांसाठी 1982 पासून. जंताला साखर शोषता येत नाही, तो दोन-तीन दिवसांत उपाशी मरतो, बरेचदा तुकड्यातुकड्यांनी जातो. दिसत काहीच नाही, मग "गोळी लागली नाही" अशी तक्रार. 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाडीत हीच गोळी देतात: एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, म्हणजे 200 मिलिग्रॅम, पुढे 19 वर्षांपर्यंत 400. लहानग्यांना दोन चमच्यांमध्ये चुरून पाण्यातून, मोठ्यांनी चावून. आख्खी गोळी घशात अडकते, लहान मुलांत हा धोका खरा आहे. गोल जंतावर एक डोस उत्तम, आकडीच्या जंतावर (हुकवर्म) बरा, चाबूकजंतावर मात्र तोकडा. अनवाणी धानाच्या बांधीत उतरणाऱ्याला आकडीचा जंत तळपायातून पुन्हा शिरतोच.

हत्तीरोगही जंतांचाच, पण तिथं गणित उलटं. औषधाचा परिणाम नको तितका दिसतो. जानेवारी 2019 मध्ये नागपूर जिल्ह्यात डीईसी (हत्तीरोगाच्या जंतावरचं औषध) आणि अल्बेंडाझोलच्या जोडीला आयव्हरमेक्टिन आलं. डीईसी वयावरून, आयव्हरमेक्टिन उंचीवरून. 90 सेंटिमीटरच्या खालच्या मुलाला ते नाहीच. दोन वर्षांखालची बाळं, गरोदर बाया आणि गंभीर आजारी यांना तिन्ही वगळतात. रक्तातले सूक्ष्म जंत मरताना ताप, डोकेदुखी, चक्कर येते. गावात बातमी पसरते ती "गोळीनं ताप आला" अशी, आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या गोळ्या उतरंडीत सापडतात. म्हणून गोळी हाती न देता, जेवलेल्या माणसाला समोरच गिळायला लावतात.