पार्श्वभूमी : मुंबईचे फॅशन शो आणि मागची रांग

मुंबईत निव्वळ हौसेखातर फॅशन शो बघायचा म्हटलं की पहिली अडचण येते ती ही, की तिकिटाची खिडकीच नसते. नाटकाला असते, मैफलीला असते, वानखेडेला तर आदल्या रात्रीपासून रांगा लागतात. इथे पास असतो आणि तो काढायचा नसतो, मिळवायचा असतो. कापडाच्या धंद्यातल्या मामांकडून, मॉडेलचे केस करणाऱ्या मैत्रिणीकडून, नाहीतर सरळ शो बघून बाहेर पडणाऱ्याच्या गळ्यातला बिल्ला मागून. यामागे शिष्टपणा आहे असं बाहेरच्याला वाटतं, आणि थोडा आहेच. पण मूळ कारण वेगळं आहे. हे शो प्रेक्षकासाठी कधी मांडलेच गेले नाहीत. ते कोणाला तरी माल विकण्यासाठी मांडले गेले आणि तो ‘कोणीतरी’ काळाप्रमाणे बदलत गेला.

आधी तो कापडाचा विक्रेता होता. मुंबईपुरतं बोलायचं तर सुरुवात गिरण्यांपासून होते. साठ-सत्तरच्या दशकांत मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांनी नव्या छापाची, नव्या धाग्याची जाहिरात म्हणून हॉटेलांच्या हॉलमध्ये शो लावले आणि पुढे ते लहान शहरांतही नेले. तिथे खपवायचा होता तागा. मॉडेलच्या अंगावरचा पोशाख विकायला नव्हताच. तो बघून बायका दुकानातून वारावर कापड घेणार आणि गल्लीतल्या शिंप्याला ‘अगदी तस्संच’ शिवायला सांगणार, असा हिशेब. त्यामुळे विक्रेता घरच्यांना घेऊन आला तर कोणाचं बिघडत नसे, उलट फायदाच. हौशी प्रेक्षकाची सोय तेव्हा होती तेवढी नंतर क्वचितच झाली, असं माझं मत.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि गिरणगाव पुन्हा पहिल्यासारखं उभं राहिलं नाही. १९८७ मध्ये फोर्टात लायन गेटजवळ अनेक डिझायनरांचे कपडे एका छताखाली ठेवणारं दुकान उघडलं. १९९१ चं उदारीकरण, १९९४ चे मिस युनिव्हर्स आणि मिस वर्ल्ड हे दोन सौंदर्यमुकुट, १९९५ मध्ये मुंबईत आलेली सरकारी फॅशन संस्था, हे टप्पे पाठ असलेले लोक भरपूर आहेत. एवढंच लक्षात ठेवायचं की दशक संपेपर्यंत कापडाच्या किनारीवर छापलेल्या गिरणीच्या नावापेक्षा मानेमागच्या पट्टीवरचं डिझायनरचं नाव महाग झालं होतं.

आता मुख्य भाग. ऑगस्ट २००० मध्ये देशातला पहिला फॅशन वीक दिल्लीत एका पंचतारांकित हॉटेलात झाला. ३३ डिझायनर होते. रॅम्प एका बाजूला, दुसऱ्या बाजूला स्टॉल, आणि स्टॉलवर ऑर्डर घ्यायला बसलेली माणसं. कल्पना स्वच्छ होती: देशी-परदेशी दुकानदारांनी यावं, बघावं, ऑर्डर द्यावी. पुढच्या वर्षी तोच सप्ताह मुंबईत, मग दिल्ली, २००३ मध्ये परत मुंबई. मुंबईच्या हौशी मंडळींनी ही पाळी गृहीतच धरली होती. मग २००४ आणि २००५ लागोपाठ दिल्लीला गेले. आपल्याकडे कुरबुर सुरू झाली ती तिथून.

२००५ संपता संपता काडीमोड झाला. सप्ताहाला पाय तीन होते. डिझायनरांची दिल्लीतली परिषद, जिच्याकडे सभासद होते. एक सौंदर्यप्रसाधन कंपनी, जिचं नाव सप्ताहाला लागलेलं होतं. आणि तो उभा करणारी आयोजक कंपनी, जिच्याकडे मांडव, दिवे आणि वेळापत्रक होतं. आता सप्ताह कोणाचा? सभासदांचा, नावाचा की मांडवाचा? परिषदेची बाजू अशी की डिझायनर आमचे, तेव्हा सप्ताह आमचा. समोरच्यांची अशी की पैसा आणि नाव आमचं, ते आम्ही कुठेही घेऊन जाऊ. दोघांचंही चूक नव्हतं, आणि म्हणूनच ते मिटलं नाही. २००६ मध्ये मार्चअखेरीस मुंबईत एक सप्ताह झाला आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दिल्लीत दुसरा. पंधरा दिवसांच्या आत दोन. परदेशी खरेदीदाराने विमानाचं तिकीट कुठलं काढायचं? डिझायनरने उत्तम कपडे कुठे दाखवायचे? धंद्याच्या पानांवर तेव्हा जे लिहून आलं त्याचा सूर एकच होता: हसं झालं, बाजार फुटला, जगात आपली पत गेली.

धंद्याच्या नजरेतून ते खरंही असेल. पण मागच्या रांगेतून, म्हणजे हौशी प्रेक्षकाच्या जागेवरून बघा. फाटाफूट झाली नसती तर मुंबईला फार तर वर्षाआड एक सप्ताह आला असता, आणि २००४-०५ चा कल पाहता तोही आला असताच असं नाही. फाटाफुटीनंतर २००६ मध्येच मुंबईत दोन झाले, मार्चला एक आणि दिवाळीनंतर लगेच दुसरा. शिवाय मोठ्या नावांची वाटणी झाल्यामुळे वेळापत्रकात जागा उरल्या आणि त्या भरायला त्याच वर्षी नवोदितांसाठी वेगळा शो सुरू झाला. नवोदितांचे खरेदीदार कमी आणि गोतावळा मोठा. एका मुलीच्या पहिल्या कलेक्शनला तिची आई, मावशी, कारागीर मास्टरजी आणि अख्खा वर्ग येतो. कपड्यांतलं कळणारी पण ओळखपाळख नसलेली माणसं आत शिरली ती बहुतेक याच दारातून. अजूनही पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हाच शो सुचवेन. कपडे कच्चे असतात, पण कोणी झोपलेलं नसतं.

याच मार्च २००६ च्या सप्ताहात, एकापाठोपाठ एक, दोन मॉडेलच्या कपड्यांनी रॅम्पवर दगा दिला. एकीचा वरचा कपडा घसरला, दुसरीचा स्कर्ट उसवला. दोघी न थांबता चालत राहिल्या. वाहिन्यांनी ते इतक्या वेळा दाखवलं की विधिमंडळात प्रश्न उठला आणि गृहखात्याने पोलिसांना चौकशी करायला लावली. निष्कर्ष निघाला, अपघात. आज हे हास्यास्पद वाटतं, पण डान्स बारवरची बंदी आदल्याच वर्षी आली होती. राज्याचं वातावरण कोणत्या दिशेला होतं ते त्यावरून कळावं. एका टाक्याची चौकशी पोलिसांनी करावी, याचं नवल तेव्हा फारसं कोणाला वाटलं नाही.

मुंबईच्या सप्ताहाचं पुढे काय झालं ते सर्वांसमोर आहे. दिल्लीला निर्यातदार आणि कारखाने जवळ. मुंबईला सिनेमा जवळ. शोच्या शेवटी नटी किंवा नट चालवायची पद्धत इथे अशी रुजली की पत्रकारांचा पहिला प्रश्न ‘कोण डिझायनर?’ हा न राहता ‘शो-स्टॉपर कोण?’ हा झाला. हौशी माणसाचं यात नुकसानच झालं. पुढच्या रांगा नटांच्या सोबतच्या माणसांनी भरल्या, दारात अंगरक्षक आले. आणि खास करून शेवटचे चार पोशाख, जे बहुधा सर्वात मेहनतीचे असतात, ते डोक्यांवर उंचावलेल्या फोनांमुळे दिसेनासे झाले.

एक बदल मात्र प्रेक्षकाच्या बाजूने झाला आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. पॅरिस-मिलानमध्ये पुढच्या उन्हाळ्याचे कपडे सप्टेंबर-ऑक्टोबरात दाखवतात, कारण दुकानांना ऑर्डर देऊन माल यायला सहा महिने लागतात. आपण तेच वेळापत्रक उचललं होतं. परिणाम असा की सणासुदीच्या दिवसांत रॅम्पवर पुढच्या एप्रिलचं लिनन चालतंय आणि बघणारी विचार करतेय की मग भावाच्या लग्नात काय नेसू. २०१० च्या सुमारास मुंबईने हे बदललं. मार्चला समर-रिसॉर्ट, म्हणजे उन्हाळ्याचे आणि सुट्टीचे कपडे, आणि ऑगस्ट-सप्टेंबरला विंटर-फेस्टिव्ह, म्हणजे हिवाळ्याचे आणि सणांचे. म्हणजे जे बघाल ते दोन महिन्यांत दुकानात. टीका झाली की परदेशी दुकानांची खरेदी तोवर आटोपलेली असते. असते ना. पण आपला खरा हंगाम दसऱ्यापासून लग्नसराईपर्यंतचा, आणि खरा गिऱ्हाईक दादर, विलेपार्ले, घाटकोपर, सुरतेचा. थोडी गंमतही झाली: ऑगस्टच्या पावसात छत्री झटकत आत यायचं, कपड्यांचा खालचा घोळ भिजलेला, आणि समोर हिवाळ्याचं मखमल.

आतलं दृश्य इतक्या वर्षांत फार बदललेलं नाही. रॅम्पवर प्लास्टिक अंथरलेलं असतं, कारण पांढऱ्या लाकडावर बुटांचे डाग पडतात. हातात यादी घेतलेली मुलगी शेवटच्या पाच मिनिटांत रिकाम्या खुर्च्या मोजते आणि मागे उभ्या असलेल्यांना खुणेने पुढे बोलावते. टीव्हीवर रिकामी खुर्ची दिसता कामा नये. उभ्याचा पास घेऊन तिसऱ्या रांगेत बसायची ही एकच वेळ. मग चारजण धावत येऊन ते प्लास्टिक फरफरा ओढून काढतात, आणि रॅम्पच्या टोकाला पायऱ्यांवर दाटीने उभे असलेले फोटोग्राफर ओरडतात, ‘पाय आत घ्या, मॅडम, पाय!’ कारण पुढच्या रांगेतल्या मांडीवर टाकलेल्या पायाचा बूट फोटोत येतो. पंचतारांकित हॉलमध्ये लाखांच्या पर्सवाल्या बायकांना असं दटावणारे बहुधा तेवढेच. त्यानंतरचा शो जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचा; त्याच्या दुप्पट वेळ तो सुरू व्हायची वाट बघण्यात गेलेला असतो.

जागा मात्र बदलत राहिल्या. नरिमन पॉइंट, मग सांताक्रूझचं हॉटेल, २०१५ च्या आसपास लोअर परळ, मग वांद्रे-कुर्ला संकुल (बीकेसी). लोअर परळचं ते हॉटेल जुन्या गिरणीच्या आवारात उभं राहिलेलं. ज्या शोंची सुरुवात गिरण्यांनी केली ते फिरून गिरणीच्या जमिनीवर आले, पण कापड तिथे विणलं जात नव्हतं. २०१६ च्या ऑगस्टमध्ये मोठ्या मापाच्या कपड्यांचा वेगळा शो झाला, २०१७ च्या फेब्रुवारीत पहिल्यांदा एक ट्रान्सजेंडर मॉडेल या रॅम्पवर चालली. बघणाऱ्यांतल्या अनेकांना आपल्यासारखं कोणीतरी तिथे दिसलं ते या दोन हंगामांत.

फेब्रुवारी २०२० चा सप्ताह बीकेसीला नेहमीसारखा गर्दीत पार पडला, आणि त्याच वर्षीचा ऑक्टोबरचा कोविडमुळे पूर्णपणे पडद्यावर. मार्च २०२१ मध्ये मुंबई आणि दिल्लीवाले पंधरा वर्षांनी एकत्र आले. तह झाला तेव्हा खुर्च्या जवळपास रिकाम्याच होत्या. पडद्यामुळे मागची रांग नाहीशी झाली असं म्हणणारे आहेत. फोनवर पदर कसा पडतो ते अगदी स्वच्छ दिसतं, हे मान्य. पण जरीचं वजन चालताना कपड्याला कसं खाली ओढतं, ते दहा फुटांवरून बघितल्याशिवाय कळत नाही.

रॅम्पबाहेरची बाजूही नोंदवायला हवी, कारण हौशी माणसाचा बराचसा वर्षभराचा खुराक तिथलाच. ऑगस्टमधल्या कॉलेज महोत्सवांतल्या फॅशन स्पर्धा, जिथे विषय विचित्र आणि मुलं निर्भय असतात. खारघरपासून जुहूपर्यंतच्या संस्थांमध्ये शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे शो, उन्हाळ्यात. तिथे पालकांच्या मागे बसायला सहसा कोणी अडवत नाही. आणि डोंबिवली. १९९९ पासून गुढीपाडव्याला निघणारी तिथली शोभायात्रा हा फॅशन शो आहे असं म्हटलं तर दोन्हीकडचे लोक रागावतील. पण फडके रोडवर सकाळी सात वाजता उभं राहून बघा. शिवलेली नऊवारी, तिच्यावर गॉगल, बुलेटवर स्वार फेटेवाल्या मुली, आणि खणाचं काय काय करता येतं याचे शेकडो नमुने. खणाचे जाकीट, खणाचा शर्ट, खणाची पर्स हे मी रॅम्पच्या आधी रस्त्यावर बघितलं. ठाणे आणि गिरगावातही तेच. पास लागत नाही आणि पुढची रांग लवकर उठणाऱ्याला मिळते.

एकत्रीकरणानंतरची घडी आता बसल्यासारखी दिसते. २०२३ पासून मार्चचा सप्ताह मुंबईला आणि ऑक्टोबरचा दिल्लीला. म्हणजे विंटर-फेस्टिव्हसाठी जो हंगाम मुंबईने परदेशी वेळापत्रकाशी भांडून मिळवला होता, तो आपल्या हातून गेला. धंद्याच्या पानांवर या वेळी सगळा आनंदीआनंद होता: एक देश, एक सप्ताह. दिवाळीआधीचे नवे कपडे प्रत्यक्ष बघायचे तर मुंबईकराला आता दिल्लीची राजधानी एक्स्प्रेस पकडावी लागते, नाहीतर दक्षिण मुंबईतल्या हॉटेलांत एक-दोन दिवसांची विक्री-प्रदर्शनं गाठावी लागतात. तिथे प्रवेश फुकट असतो आणि कपड्याला हात लावूनही बघता येतं, फक्त विक्रेती मुलगी मापाची टेप घेऊन मागोमाग फिरत असते.