र्युकान : सूर्याआड गेलेल्या दरीतील बर्फारोहणाची पार्श्वभूमी

आइस क्लाइंबिंगसाठी युरोपात जाणाऱ्या गिर्यारोहकांची पावले प्रथम शामोनी किंवा आल्प्समधील अशाच एखाद्या गजबजलेल्या ठिकाणाकडे वळतात. नॉर्वेच्या तेलेमार्क भागातील र्युकान हे छोटे गाव त्या मानाने शांत आहे. दीडशेहून अधिक गोठलेले धबधबे आवाक्यात असूनही त्याची ओळख दीर्घकाळ पर्यटनापेक्षा कारखान्यांशी जोडलेली राहिली.

पूर्व-पश्चिम पसरलेली ही दरी इतकी अरुंद आणि खोल आहे की सप्टेंबरअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत तिच्या तळाशी ऊन पोहोचत नाही. त्यामुळे कड्यांवरून झिरपणारे पाणी एकदा गोठले की उन्हाने सैल होत नाही आणि बर्फ दीर्घकाळ टिकतो. एवढ्या अंधाऱ्या जागी गाव वसले ते पाण्यासाठी. १९०५ मध्ये सॅम एयडे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या नॉर्स्क हायड्रो कंपनीला हवेतील नायट्रोजनपासून खत बनवण्यासाठी प्रचंड वीज हवी होती, आणि माना नदीच्या १०४ मीटर उंच र्युकानफोसेन धबधब्यात ती उपलब्ध होती. १९११ मध्ये सुरू झालेले वेमोर्क वीजकेंद्र त्या काळी जगातील सर्वांत मोठे जलविद्युत केंद्र होते. कामगारांना हिवाळ्यात ऊन दिसावे म्हणून कंपनीने १९२८ मध्ये डोंगरावर नेणारा रोपवेही बांधला.

वेमोर्क जगाला ठाऊक झाले ते मात्र जड पाण्यामुळे, म्हणजे नेहमीच्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन (ड्युटेरियम) असलेल्या, अणुसंशोधनात वापरल्या जाणाऱ्या पाण्यामुळे. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात असताना त्यांच्या अणुसंशोधनाला हे पाणी मिळू नये, म्हणून फेब्रुवारी १९४३ च्या अखेरीस योआखिम रोनेबर्ग यांच्या नेतृत्वाखाली नऊ नॉर्वेजियन सैनिक रात्री केंद्राकडे निघाले. पुलावर पहारा असल्याने ते बर्फाळ घळीत उतरले, नदी ओलांडून समोरच्या चढणीने रेल्वेमार्गापर्यंत पोहोचले आणि जड पाणी तयार करणारी यंत्रणा उद्ध्वस्त करून एकही गोळी न झाडता निसटले. या मोहिमेकडे हेरकथा म्हणूनच पाहिले जाते. माझ्या मते हिवाळी आरोहणाच्या इतिहासातही तिला जागा हवी, कारण जी घळ दुर्गम असल्याने तिथे कडक पहाऱ्याची गरज जर्मनांना वाटली नव्हती, तीच आज बर्फारोहकांची आवडती जागा आहे.

उभ्या बर्फावर चढण्याची साधने तोवर पुरेशी विकसित झाली नव्हती. क्रॅम्पॉनला, म्हणजे बर्फावर पकड मिळावी म्हणून बुटांना बांधायच्या दातेरी साधनाला, पुढे दोन दाते जोडण्याची लॉरां ग्रिव्हेल यांची कल्पना १९२९ ची असली, तरी उभा गोठलेला धबधबा चढण्यासाठी बर्फात घट्ट रुतणारी आइस ॲक्स (बर्फकुऱ्हाड) आवश्यक होती. १९६० च्या दशकात अमेरिकन गिर्यारोहक इव्हॉन शुइनार्ड यांनी तिच्या पात्याला बाक दिला, दोर अडकवण्यासाठी बर्फात फिरवून बसवायच्या सुधारित आइस स्क्रूंनी सुरक्षितता वाढवली, आणि १९७० च्या दशकात धबधबे चढणे हा स्वतंत्र खेळ म्हणून रूढ होऊ लागला. योगायोग असा की, त्याच दशकाच्या आरंभी, १९७१ मध्ये, जुने वेमोर्क केंद्र बंद झाले. पुढे त्याचे संग्रहालय झाले. त्यानंतर उद्योगाच्या माघारीमुळे ओस पडू लागलेल्या या दरीला बर्फारोहकांनी हिवाळ्यात नवे काम मिळवून दिले.

२०१३ मध्ये उत्तरेकडील डोंगरावर बसवलेल्या तीन मोठ्या आरशांमुळे आता गावच्या चौकात हिवाळ्यातही सूर्यप्रकाश पडतो. तो सुमारे ६०० चौरस मीटर जागेपुरताच असल्याने धबधब्यांवरील बर्फाला त्याची झळ लागत नाही.